सुई मानेत, कळ खांद्यात

पैंजणाची एक कडी दुसरीत ओवायची, चिमट्याने तिचं तोंड दाबायचं, पुढची उचलायची. हुपरीत हे काम कारखान्यात होतं तसं घराघरांतल्या सोप्यातही होतं. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतो आणि काम असतं गुडघ्याच्या उंचीवर. कडीचं तोंड नीट दिसावं म्हणून आधी मान खाली जाते, मग पाठ वाकते, शेवटी हनुवटी छातीला टेकते. चिमट्याच्या हाताचा खांदा थोडा वर चढलेला, कोपर अधांतरी. अशा बैठकीत सकाळ जाते, जेवण झालं की दुपारही जाते. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव गेली शंभरएक वर्षं चांदीवर जगतंय. रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड या शेजारच्या गावांतही चांदीची जुळणी घरी आणून करणाऱ्या बायका आहेत. हुपरीचं नाव निघालं की पैंजणाच्या नक्षीचं कौतुक होतं, कारागिराच्या बोटांचं होतं. मानेकडे कोणाचं लक्ष नसतं. ती चाळिशीच्या आसपास स्वतःच बोलायला लागते.

पुढचा प्रवास ठरलेला. आधी मलम, मग गोळ्या, मग गळ्याला पट्टा. हाताला मुंग्या यायला लागल्या की एमआरआय. ‘मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय’ हे वाक्य ऐकून माणूस घरी येतो. त्यातल्या काहींना कोल्हापूर, इचलकरंजी किंवा मिरजेचे डॉक्टर मानेतल्या इंजेक्शनचा सल्ला देतात. इंजेक्शन होतं, मानेवर चिकटपट्टी लावून माणूस संध्याकाळी घरी पोचतो, बरं वाटतंय म्हणून दोन घास जास्त खातो. रात्री मात्र खांदा ठणकायला लागतो. कधी कधी आधी होता त्यापेक्षा जास्त. सुई दिली मानेत आणि कळ येतेय खांद्यात, म्हणजे सुई चुकीच्या जागी लागली, असा निष्कर्ष घरात निघतो आणि सकाळी कोणीतरी तेलाची वाटी घेऊन चोळायला बसतं.

बहुतेक वेळा सुई चुकलेली नसते. इंजेक्शनमधली दोन औषधं वेगवेगळ्या वेळेला काम करतात, त्यांच्या वेळांचा मेळ लागला की त्या रात्रीच्या कळेचा बराच उलगडा होतो. काही थोड्या वेळा मात्र तीच कळ धोक्याची असते. दोन्हींतला फरक घरच्या माणसांना कळायला हवा, म्हणून हा सगळा खुलासा.

मानेत मणके सात आणि त्यांच्यामधून दोन्ही बाजूंना बाहेर पडणाऱ्या नसांच्या जोड्या आठ. पाचव्या जोडीची नस खांद्याच्या गोलाईवरचा स्नायू चालवते, त्याच्यावरच्या त्वचेची संवेदनाही तीच नेते. सहावीचा पसारा अंगठ्यापर्यंत, सातवीचा मधल्या बोटापर्यंत, आठवीचा करंगळीपर्यंत. चकती बाजूला सरकून किंवा हाडाची वाढ होऊन यातली एखादी नस तिच्या बाहेर पडण्याच्या जागीच दाबली गेली, तर दुखतं मात्र तिच्या वाटेवर. सगळ्यांत जास्त वेळा दबते ती सातवी. खांदा, दंडाची मागची बाजू, खांद्यामागचा फरा, असा तिच्या कळेचा रस्ता असतो.

नस दबलेली नसतानाही मानेचं दुखणं खांद्यात उतरू शकतं. राल्फ क्लोवर्ड नावाचे मेंदूशल्यतज्ज्ञ हवाई बेटांवर काम करत. मानेच्या चकतीला सुई टोचली की जाग्या रुग्णाला फऱ्याच्या आसपास कळ जाणवते, हे त्यांनी १९५९ मध्ये नोंदवलं. पुढे १९९० मध्ये ड्वायर, एप्रिल आणि ऑस्ट्रेलियाचे निकोलाय बोगडुक यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या मानेतल्या छोट्या सांध्यांत सुईने द्रव भरून पाहिला. कोणत्या सांध्याची कळ कुठे जाते याचे नकाशे त्यांनी काढले. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधल्या सांध्याची कळ खांद्यावर येत होती, सहाव्या-सातव्याची फऱ्यावर. त्या माणसांचे खांदे ठणठणीत होते. मान आणि खांदा यांच्याकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूत एकाच वस्तीत उतरतात. एका वाड्यात एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं असावीत आणि पोस्टमनने पत्र भलत्याच दारात टाकावं, तसं मेंदूचं होतं.

म्हणजे खांदा दुखतोय म्हणून मानेत सुई देणं जितकं बरोबर, तितकंच मानेत सुई दिल्यावर खांदा दुखणं समजण्यासारखं आहे.

आता इंजेक्शन देतात कसं ते. ‘मानेतलं इंजेक्शन’ या एका नावाखाली निदान चार गोष्टी येतात. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत दिलेलं एपिड्युरल, नस बाहेर पडते त्या भोकाजवळ दिलेलं, मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांसाठीचं आणि नुसत्या स्नायूच्या गाठीत दिलेलं. कागदावर काय लिहिलंय ते पाहून घ्यावं, कारण प्रत्येकानंतरचे दिवस वेगळे असतात. छोट्या सांध्यांच्या नसांना बधिर करून पाहण्याची एक चाचणी असते. तिच्यात अनेकदा फक्त भुलीचं औषध असतं. भूल उतरली की दुखणं त्याच संध्याकाळी परत येणार हे गृहीतच धरलेलं असतं. रुग्णाला हे कोणी नीट सांगितलेलं नसलं की तो ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणत बसतो. चाचणी मात्र यशस्वी झालेली असते.

सगळ्यांत जास्त ऐकू येतं ते एपिड्युरल. रुग्णाला पालथं झोपवतात, छातीखाली उशी, कपाळ टेकवायला मऊ आधार, मान पुढे वाकवलेली. वर सी-आर्म नावाचं क्ष-किरणांचं यंत्र. त्वचा बधिर करून मानेच्या तळाशी, बहुधा सातवा मानेचा मणका आणि पहिला छातीचा मणका यांच्यामधून सुई आत नेतात. जागा तिथलीच निवडण्याचं कारण असं, की तिथे पोकळी त्यातल्या त्यात रुंद असते. रुंद म्हणजे तीन-चार मिलिमीटर. वर सरकावं तशी ती आणखी अरुंद होत जाते. सुई तिथे पोचली की थोडा रंगद्रव सोडून पडद्यावर तो कसा पसरतो ते पाहतात आणि मगच औषध देतात. औषधाबरोबर दाब वाढतो आणि ज्या नसेला आधीच सूज आहे ती आपली नेहमीची कळ जोरात देते. ‘खांद्यात गेली का कळ?’ असं डॉक्टर त्याच क्षणी विचारतात. हो म्हटलं तर औषध दुखऱ्या नसेच्या आसपास पोचतंय असा एक अंदाज त्यांना येतो. कळ विजेसारखी, असह्य असेल तर तेही तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं. सोसून गप्प राहणं ही आपल्याकडची सवय त्या टेबलावर उपयोगाची नाही. मान मात्र हलवायची नाही.

औषध म्हणजे साधारणपणे दोन गोष्टींचं मिश्रण. एक भुलीचं औषध आणि एक स्टेरॉइड. भुलीचं औषध काही मिनिटांत चढतं आणि प्रकारानुसार दोन ते आठ तासांत उतरतं. स्टेरॉइडचं काम नसेभोवतीची सूज उतरवण्याचं. ते सावकाश चालतं. फरक जाणवायला दोन ते सात दिवस लागतात, काहींना दोन आठवडे. या दोहोंच्या मधे एक रिकामी जागा आहे. भूल उतरलेली, स्टेरॉइड अजून चढलेलं नाही. हुपरीच्या घरात रात्री जे घडतं ते बहुधा या रिकाम्या जागेत घडतं.

त्या जागेत भर घालणाऱ्या गोष्टी आणखी असतात. सुई त्वचेतून थेट पोकळीत जात नाही, मधे मानेचे स्नायू येतात आणि टोचलेला स्नायू आखडतो. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला मोठा स्नायू आखडला की वेदना खांद्याच्या माथ्यावर जाणवते. पालथं झोपून वाकवलेल्या मानेचाही वाटा असतो. काही जणांना स्टेरॉइडमुळेच पहिले एक ते तीन दिवस दुखणं भडकतं आणि मग आपसूक शमतं. शिवाय औषधाच्या द्रवाने अरुंद जागेत तात्पुरती गर्दी केलेली असते, तो शोषला जाईपर्यंत नस कुरकुरते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत खांदा दुखला, पण हात-पाय नीट चालताहेत, ताप नाही आणि दुखणं दिवसागणिक उतरणीला आहे, तर घाबरण्याचं कारण नाही.

पहिला दिवस कसा काढायचा, ते आता सावकाश पाहू.

कोल्हापूरहून हुपरीला परतताना मोटरसायकल नको, मागे बसूनसुद्धा नको. हेल्मेटचं वजन नुकत्याच टोचलेल्या मानेवर येतं आणि गतिरोधक किती आहेत ते या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला नको. बरोबर माणूस असावा आणि गाडी त्याने चालवावी. हात काही तास जड किंवा बधिर वाटू शकतो, तो भुलीचा परिणाम. कारागिराने इथे एक खबरदारी घ्यायची: बधिर बोटांनी गॅसच्या ज्योतीजवळ जायचं नाही. भाजलेलं कळतच नाही. ‘हलकं वाटतंय तर तेवढी एक लड संपवतो’ हा मोह त्या संध्याकाळी टाळावा.

दुखऱ्या जागेवर रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीन तासांच्या अंतराने. चिकटपट्टी भिजू द्यायची नाही. शेक पहिल्या दिवशी नको. साधी अंघोळ दुसऱ्या दिवशी चालते, पण विहिरीत, नदीत, टाकीत डुंबणं दोन दिवस तरी बंद. टोचल्याचं भोक दिसत नसलं तरी असतं.

वेदनाशामकाचा प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सोडावा. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, तेही सांगितलेल्या मात्रेत. मूत्रपिंडाचा, पोटातल्या अल्सरचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी इतर वेदनाशामकं मनाने घेऊ नयेत. गावातल्या दवाखान्यात जाऊन आणखी एक सुई मारून घ्यायची असेल, तर आधीच्या इंजेक्शनचा कागद दाखवल्याशिवाय नाही. लेबल नसलेल्या ‘सांधेदुखीच्या’ पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइडच मिसळलेलं सापडतं. एका स्टेरॉइडवर दुसरं, तेही मात्रा माहीत नसलेलं, हा सौदा महागात पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या इंजेक्शनसाठी बंद केल्या असतील तर त्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हे घरी निघण्याआधी लिहून घ्यायचं. इंजेक्शनच्या धांदलीत नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

मधुमेह असेल तर साखर वाढणार हे धरून चालावं. दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर. घरी यंत्र असेल तर रोज मोजावी आणि गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. चेहरा लाल होणं, रात्री झोप न लागणं, उगाच तरतरी वाटणं, उचकी लागणं हेसुद्धा स्टेरॉइडचे पाहुणे. दोन-चार दिवसांत जातात.

झोपायचं कसं? कुशीवर झोपत असाल तर दुखरा खांदा वर आणि त्या हाताखाली उशी, म्हणजे हात छातीवर लोंबत राहून खांदा ओढत नाही. उताणं झोपणाऱ्याने कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी. डोक्याखाली दोन उश्या नकोत, अजिबात नाही असंही नको. मानेची पोकळी भरेल एवढी एक पुरे. नस दबल्यामुळे येणाऱ्या कळेला एक सोपा उतारा आहे. दुखऱ्या बाजूचा तळहात डोक्यावर ठेवून पाहा. नसेवरचा ताण सैल होतो आणि पुष्कळांना क्षणभर बरं वाटतं. डॉक्टर तपासताना हीच खूण पाहतात. कळ मूळ खांद्याच्याच सांध्याची असेल तर मात्र हात असा वर नेताना ती वाढते. एकाच कृतीने दुखण्याचा पत्ताही थोडाफार लागतो.

हात गळ्यात अडकवून ठेवण्याची घाई करू नये. दुखतो म्हणून खांदा हलवलाच नाही तर तो आखडतो, मधुमेही माणसात तर फार लवकर. दुसऱ्या दिवसापासून मान दोन्ही बाजूंना दुखेल तिथवरच हळूहळू वळवायची. खांदे उचलून सोडायचे. दोन्ही फरे पाठीमागे एकमेकांकडे ओढून पाच आकडे मोजायचे, मग सैल. दिवसातून चार-पाच वेळा एवढंच. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकावे.

आणि मालीश नको, कडाकड मान मोडून घेणं तर मुळीच नको. केस कापून झाल्यावर सलूनवाल्याने डोकं दोन्ही हातांत धरून झटक्यात फिरवायचं, ही आपल्याकडे सेवा समजली जाते. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिण्या असतात. झटक्याने त्यांना इजा झाल्याच्या, त्यातून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेल्या आहेत. इंजेक्शन झालेलं असो वा नसो, सलूनमध्ये मान द्यायची ती केसांपुरतीच.

एका कामाला पैसे लागत नाहीत आणि डॉक्टरांना त्याचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो. ते म्हणजे नोंद. घरात मजुरीचा हिशेब लिहायची वही असतेच. तिच्या मागच्या पानावर दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. इंजेक्शनच्या आधी किती, तासाभराने किती, चार तासांनी, झोपताना, आणि मग दोन आठवडे रोज एकदा. मानेला वेगळा आकडा, खांद्याला वेगळा. पहिल्या काही तासांचे आकडे सोन्याच्या मोलाचे, कारण त्या वेळी भूल चालू असते. खांद्याची कळ आठावरून एकावर आली आणि रात्री पुन्हा सातावर गेली, तर घरच्यांना वाटतं इंजेक्शन वाया गेलं. डॉक्टर त्याच आकड्यांवरून म्हणतील, जागा बरोबर आहे, कळेचा उगम इथेच आहे, आता स्टेरॉइडची वाट पाहू. भूल चढलेली असतानाही खांदा तसूभर हलका झाला नाही, तर उगम दुसरीकडे असण्याची शक्यता वाढते. दोन आठवड्यांनी नुसतं ‘फरक नाही’ म्हणून सांगणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही सगळी माहिती हरवलेली असते.

आता ज्या कळेसाठी थांबायचं नाही, ती. इंजेक्शननंतर काही तासांत किंवा दोन दिवसांत मानेत आणि दोन्ही फऱ्यांच्या मधे अचानक, पूर्वी कधी नव्हती अशी जबर कळ उठली आणि हात किंवा पाय लुळा पडायला लागला, तर पोकळीत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जात असण्याची शंका घ्यावी लागते. इथे हिशेब तासांचा असतो. चालताना तोल जाणं, दोन्ही पायांत जडपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, भूल उतरून गेल्यावरही वाढत जाणारा बधिरपणा, हीदेखील त्याच जातीची लक्षणं. काही दिवसांनी थंडी वाजून ताप, टोचल्या जागी लाली, सूज, पू, मान ताठ होणं, हा संसर्ग असू शकतो. तो आठवडा-दोन आठवड्यांनीही डोकं वर काढतो आणि मधुमेह्यांना त्याचा धोका जास्त. उभं राहिलं की डोकं फुटायला होतं आणि आडवं पडलं की उतरतं, अशी डोकेदुखी असेल तर मज्जारज्जूच्या आवरणाला बारीक छिद्र पडून आतलं पाणी झिरपत असेल. ती जिवावरची नसते, पण फोन त्याच दिवशी करावा.

स्नायूच्या गाठीत दिलेल्या इंजेक्शननंतर खांदा दुखून धाप लागत असेल, तर सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागली आहे का ते पाहावं लागतं. आणि चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचा डावा खांदा दुखतोय, घाम सुटलाय, छातीत दाबल्यासारखं होतंय, तर इंजेक्शनला दोष देत बसण्याआधी ईसीजी. हृदयविकार काही इंजेक्शन बघून थांबत नाही. अशा कुठल्याही वेळी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर आहे. इंजेक्शनचा कागद बरोबर न्यायला विसरू नये.

या गंभीर गोष्टी विरळ आहेत, पण त्या कागदावर लिहिलेल्या असतात त्याला कारण आहे. मणक्याजवळच्या स्टेरॉइड इंजेक्शनांनंतर दृष्टी जाणं, पक्षाघात, क्वचित मृत्यू, अशा घटना घडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये दिला आणि तो औषधांच्या माहितीपत्रकात छापायला लावला. मानेत सुई द्यायची ती सी-आर्मखाली, आणि नसेच्या भोकाजवळ द्यायची असेल तर स्टेरॉइड बारीक कणांचं नव्हे तर पूर्ण विरघळणारं, हा आग्रह त्यातून पक्का झाला. रुग्णाने आधी दोन प्रश्न विचारले तर त्यात उद्धटपणा नाही: यंत्राखाली देणार का, आणि कोणतं औषध देणार. चांगला डॉक्टर रागावत नाही.

दोन आठवडे झाले, मान मोकळी झाली, हाताच्या मुंग्या गेल्या, पण खांदा आहे तसाच. असंही पुष्कळदा होतं. मग खांद्याकडे खांदा म्हणून पाहायची वेळ येते. सदऱ्याच्या बाहीत हात घालताना, केस विंचरताना, पाठीमागे नाडी बांधताना दुखतं का? मान कशीही वळवली तरी कळ बदलत नाही, पण हात उचलला की बदलते का? तर तो आखडलेला खांदा किंवा खांद्याच्या स्नायुबंधाची इजा असू शकते. दोन्ही दुखणी एकाच माणसात सुखाने नांदतात. मानेचा आवाज बसला की खांद्याचा ऐकू येतो, एवढंच. त्याचे उपचार वेगळे आणि मानेत आणखी सुया देऊन ते होणार नाहीत. एमआरआयवरही फार विसंबू नये. जपानमध्ये मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी कसलाही त्रास नसलेल्या ४९७ जणांच्या मानेचे एमआरआय काढले आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. साठीपुढच्या दहापैकी आठ-नऊ जणांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. ‘गॅप’ दिसला म्हणजे दुखणं त्याचंच, असं नाही.

इंजेक्शनचा परिणाम टिकतो किती? काही आठवडे ते काही महिने. ते चकती जागेवर आणत नाही, हाड घासून काढत नाही. नसेची सूज उतरवतं आणि मुदत देतं. त्या मुदतीत निसर्ग बरंच काम करतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी मानेची नस दबलेल्या ५६१ रुग्णांचा मागोवा राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडला. शेवटच्या तपासणीत त्यातल्या ९० टक्के लोकांना त्रास उरला नव्हता किंवा किरकोळ होता. शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो तो हाताची ताकद घटत चालली असेल किंवा मज्जारज्जूच दाबला जात असेल तेव्हा. कारागिराला त्याची पहिली खूण कामातच दिसते. चिमट्यातून कड्या निसटायला लागतात, सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो. दुखत नसलं तरी हे लक्षण दाखवायला जावं.

राहिली बैठक. न्यूयॉर्कचे शल्यतज्ज्ञ केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये एक गणित मांडलं. सरळ मानेवर साडेचार-पाच किलोंचं वाटणारं डोकं ६० अंशांत वाकवलं की मानेवर सुमारे २७ किलोंचा भार येतो. हे प्रतिमानावरचं गणित आहे, कोणाच्या मानेत काटा लावून केलेलं मोजमाप नाही, पण हुपरीच्या कोणत्याही सोप्यात डोकावलं तर दिशा बरोबर आहे हे पटतं. इंजेक्शनने मिळालेले तीन महिने पुन्हा त्याच गुडघ्याएवढ्या उंचीच्या कामावर घालवले, तर चौथ्या महिन्यात माणूस त्याच टेबलावर पालथा पडलेला दिसेल. आणि ही इंजेक्शनं वर्षाला मोजकीच घेता येतात.

‘अर्ध्या तासाने उठून फिरा’ हा सल्ला शहरी कार्यालयात ठीक. ज्याची मजुरी किलोवर ठरते त्याला उठण्याचे पैसे पडतात, हे सल्ला देणाऱ्याने विसरू नये. त्यापेक्षा काम वर आणणं स्वस्त. मांडीवर ठेवायचा पाट सोडून छातीच्या खालच्या उंचीला येईल असा मेज घ्यावा, दोन्ही कोपरं टेकतील एवढा रुंद, म्हणजे खांदा अधांतरी राहत नाही. जमिनीवरच बसायचं असेल तर कुल्ल्यांखाली जाड बैठक आणि समोर उंच चौरंग. दिवा मागून नको, समोरून आणि बाजूने हवा. झाळकाम, जुळणी, मोजणी अशी कामं आलटून-पालटून घेतली तर मानेला न उठताही बदल मिळतो. घरात दोघं-तिघं काम करत असतील तर हे सहज जमतं.

आणि चष्मा. चाळिशीनंतर जवळचं धूसर व्हायला लागतं, कडीचं तोंड दिसत नाही, म्हणून मान आणखी खाली जाते. कित्येक कारागीर चष्मा वर्षानुवर्षं पुढे ढकलतात, आणि ढकलत नाहीत ते बाजारातला तयार चष्मा डोळ्याला लावतात. काम करताना डोळ्यांपासून कडी किती अंतरावर असते ते सुतळीने मोजून न्यावं आणि त्या अंतराचा नंबर काढून घ्यावा. लागलाच तर भिंगाचा दिवाही मिळतो. मानेच्या एका इंजेक्शनला जेवढा खर्च येतो, त्याच्या मानाने डोळ्यांच्या तपासणीचा खर्च किरकोळ आहे. घरात चाळिशी ओलांडलेलं कोणी चांदीवर बसत असेल, तर त्यांना या महिन्यात डोळे तपासायला घेऊन जा.